दुधातलं तूप

एका तेल कंपनीचे अध्यक्ष होते धनंजयराव राजेशिर्के. काळा दगड दिसला की त्यांना त्यात तेलच दिसायचं. नदीखोऱ्यातल्या काळ्या शेलचे, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकाचे, नमुने तपासून भूवैज्ञानिक चारुलता गोगटे त्यांना सकाळपासून सांगत होती, "साहेब, यात सेंद्रिय द्रव्य भरपूर आहे, पण हा थर पुरेसा खोल गेलाच नाही, तापलाच नाही. त्यामुळे त्याचं तेल झालेलं नाही."

"द्रव्य आहे ना? मग तेल असणारच! संध्याकाळपर्यंत विहीर खणायच्या शिफारशीवर सही करा, नाहीतर मी दुसरा भूवैज्ञानिक बघतो."

समजावून समजावून चारुलताच्या तोंडाला फेस आला. आता काय डोकं आपटून घ्यायचं?

दुपारी मेसमध्ये सगळे संचालक आणि चारुलता जेवायला बसले. साहेबांनी गरम वरणभातावर तूप मागितलं. चारुलता ताडकन उठली आणि तिने त्यांच्या भातावर वाटीभर दूध ओतलं.

"अहो बाई, हे काय? हे दूध आहे!"

"दुधात तूप असतंच ना, साहेब?"

"असतं म्हणून काय झालं? आधी विरजावं लागतं, लोणी काढावं लागतं, ते कढवावं लागतं! तापवल्याशिवाय तूप होतं का कधी?"

"हेच मी सकाळपासून सांगतेय! तुमचा दगड अजून चुलीवर चढलेलाच नाही."

संचालकांत हशा पिकला. साहेबांनी तो दुधाळ भात ताटाच्या कडेला सारला.

"विहीर राहू द्या," ते शेवटी पुटपुटले. "पण बाई, आता तरी तूप वाढा."