सोवळ्यातली वीज

महाराजांनी देवघरासाठी विजेची घंटा आणवली आणि राजोपाध्ये धोंडभटांनी ती वाजायच्या आधीच बंद पाडली. विजेची तार येते बाजारातून, खांबांवर तिच्यावर कावळे बसतात, म्हणजे ती ओवळी. देवघरातल्या तारेला ती शिवता कामा नये!

झालं, महाराज हट्टाला पेटले. घंटा विजेवरच वाजेल आणि सोवळंही मोडणार नाही. हे ऐकून वीजघरातल्या साहेबांनी तडक रजेचा अर्ज दिला.

"तांबटाची ठकू आहे ना," धोंडभट गोड आवाजात म्हणाले. "राजवाड्याच्या उकिरड्यावरचे रेडिओ उचलून नेते ती. एवढी हुशार, तिला जमेलच."

ठकूला रेडिओंची ददात नव्हती. बातमी पटली नाही की महाराज रेडिओ आपटत, आणि त्या वर्षी त्यांना एकही बातमी पटली नव्हती. रेडिओ मेला तरी आतला ट्रान्सफॉर्मर बहुधा धडधाकट असतो. लोखंडावर तांब्याच्या तारेची दोन वेगळी वेटोळी, बस्स. ठकू तो सोडवून घेई आणि त्यावर कधी दिवा लावी, कधी भोंगा वाजवी.

"आरतीला घंटा वाजली नाही, तर तुझी सगळी अडगळ नदीत," महाराजांनी बजावलं. त्या अडगळीत ठकूचा जीव होता.

आरतीच्या वेळी तिने देवघराच्या उंबऱ्यावर एक जुना ट्रान्सफॉर्मर मांडला आणि बटण दाबलं. घंटा खणखणली.

"बाटलं! सगळं बाटलं!" धोंडभट किंचाळले.

"कुठं बाटलं? बघा की." ठकूने बटण बंद केलं, तार सोडवली आणि वरचं झाकण काढलं. "हे वेटोळं बाजारच्या तारेचं, हे देवघराच्या. मधे कागद. दोघी एकाच घरात नांदतात, पण जन्मात एकमेकींना शिवत नाहीत. आणि देवाकडच्या तारेला रेशीम गुंडाळलंय. मुकटा नेसूनच बसलीय ती."

भटजींनी चष्मा लावून इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. तारेला तार कुठंच लागत नव्हती.

"मग वीज पलीकडे गेली कशी? शिवल्याशिवाय काही पोचतं का कधी?"

ठकूने नम्रपणे हात जोडले.

"भटजीबुवा, तुम्ही सोवळ्यात असता तेव्हा माझा बा तुम्हाला दक्षिणा कशी देतो? वरून टाकतो. हाताला हात शिवत नाही. पण आजवर एक तरी रुपया पोचायचा राहिलाय का?"

महाराज इतके हसले की पगडी समईत पडता पडता वाचली. धोंडभटांनी एकवार दक्षिणेच्या तबकाकडे पाहिलं.

"शास्त्राला धरूनच आहे," ते पुटपुटले.

"माग पोरी, काय हवं ते," महाराज म्हणाले.

"मोडके रेडिओ, महाराज."

"सगळे तुझे!" महाराजांनी डोळे पुसले. "आणि जरा थांब. बातम्यांची वेळ झालीच आहे, आजचाही घेऊनच जा."