पाच टक्क्यांचा कीबोर्ड

संगणकांच्या तारा नुकत्याच सुटून माऊस-कीबोर्ड सेलवर चालू लागले होते, तेव्हाची गोष्ट. कुमुदिनीताईंच्या टेबलावरच्या माऊसमध्ये आणि कीबोर्डमध्ये किती जोर उरलाय, ते संगणकाचा पडदा रोज ओरडून सांगे. "माऊसराव शंभर टक्के! कीबोर्ड पाच टक्के!"

"आजोबा, निरोपाचं भाषण तयार ठेवा," माऊस खिदळे.

कीबोर्डमध्ये पुन्हा चार्ज होणारे सेल होते, माऊसमध्ये संपेपर्यंत भरलेलेच भासणारे लिथियमचे, आणि पडद्याला माप कळे ते फक्त साध्या सेलांचं. कीबोर्डला आतून भरल्यासारखं वाटे. पण पडदा चुकेल कसा, या विचाराने त्याचा धीर खचे.

एका दुपारी ताई एकांकिका संपवत होत्या. "संध्याकाळी तालीम आहे. हा कीबोर्ड तेवढा टिकू दे, उद्या बदलूनच टाकते." कीबोर्ड धास्तावला, तरी एकेक अक्षर उमटवत राहिला.

शेवटच्या प्रवेशात माऊसच बंद पडला. ताईंनी आपटला, चोळला; तो ढिम्म. मग उरलेलं सगळं काम कीबोर्डवरूनच झालं आणि नाटक वेळेत रवानाही झालं.

"शाब्बास रे गड्या! तुला कशाला बदलू?" ताईंनी पदराने त्याची धूळ पुसली.

"माऊसराव शंभर टक्के! कीबोर्ड पाच टक्के!" पडदा ओरडला.

"पाच तर पाच," कीबोर्ड ऐटीत म्हणाला. "घ्या ताई, पुढचं नाटक लिहायला."