नैसर्गिक गळती

“पण याला खून म्हणायचं का, भंतेजी?”

भंते शीलरत्न विहाराच्या ओसरीवर बसून फाटलेलं चीवर शिवत होते. त्यांनी एक टाका घातला, दोरा ओढला.

“हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. पण काहीतरी म्हणा.”

“तुले काय वाटते?”

“मला ठरवता आलं असतं तर एवढा डोंगर चढून आलो असतो का?”

प्रणय नंदेश्वर चौदा वर्षांपूर्वी या डोंगरावरून उतरला होता. दहावीपर्यंत तो विहाराच्या वसतिगृहात राहिला. पुढं नागपूर, मग पुणे, मग सिंगापूर. आता जगभरच्या मोबाइल कंपन्या त्याला विचारून पावलं टाकत. कुठं वाढ आहे, कुठं थांबली, कुठलं जाळं ठेवायचं, कुठलं बंद करायचं, हे सगळं तो दर वर्षी एका जाड अहवालात लिहायचा. त्याचा आकडा चुकत नाही, असं लोक म्हणत. तोही म्हणे.

डोंगराखाली मोहझरी गाव. तिथं त्याची माय, कौतिकाबाई, एकटी राहायची. तेरा दिवसांपूर्वी ती गेली. पुण्यानुमोदनाचा विधी कालच झाला.

“ऐका,” प्रणय म्हणाला. “मी नीट मांडतो. जगात माणसं आठ अब्ज. मोबाइलच्या जोडण्या त्याहून जास्त.”

“माणसांपेक्षा जास्त?”

“हो. एकेकाकडं दोन-दोन. शिवाय आता नवी वाढ माणसांची नाहीच. विजेचे मीटर, गाड्या, कॅमेरे. सगळे जाळ्यावर येतायत.”

“ते काय बोलतात?”

“बोलत नाहीत. नुसती माहिती पाठवतात.”

भंतेंनी सुई डोळ्यांजवळ नेली. पुन्हा खाली आणली.

“बोलण्यात आता कंपनीला काही मिळत नाही, भंतेजी. आणि जुनं जाळं फक्त बोलण्यापुरतं. त्यानं लहरी अडवून धरल्यात. त्या मोकळ्या केल्याशिवाय नवं जाळं पसरत नाही. जपाननं जुनं बंद केलं. कोरियानं केलं. ऑस्ट्रेलियानं केलं. मी नसतो तर दुसऱ्या कुणीतरी हेच लिहिलं असतं.”

“हो.”

“म्हणजे दोष माझा नाही.”

भंतेंनी दोऱ्याला गाठ मारली.

“म्हणजे आहे?”

...

ओसरीपुढच्या पटांगणात ऊन पांढरं झालं होतं. प्रणय उठला, खांबापर्यंत गेला, परत येऊन बसला.

“मग दुसऱ्या बाजूनं सांगतो. एक मे रोजी आपल्या भागातलं जुनं जाळं बंद झालं. माझ्याच सल्ल्यानं. आठ तारखेला सकाळी माय न्हाणीच्या पायरीवरून घसरली. खुबा मोडला. अख्खं गाव तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेलेलं. गावात नवे फोन दोनच, तेही मालकांबरोबर जंगलात.”

“मले माहीत हाय, बापू.”

“नाही, ऐका. तिच्या गळ्यात तो बटणांचा फोन होता. दोन नंबरचं बटण दाबून धरलं की मला लागायचा. मीच तसं करून दिलं होतं. तिनं आठ वाजून दहा मिनिटांनी पहिल्यांदा दाबलं. शेवटचं बारा सव्वीसला. त्रेचाळीस वेळा. फोनमध्ये यादी आहे. मी मोजली.”

त्याचा आवाज अजून सभेत बोलावं तसाच होता. फक्त मधेमधे श्वास पुरत नव्हता.

“एक वाजता शेजारची रेवताबाई मडावी परतली. तेव्हा माय उन्हातच पडलेली होती. अंग चटके बसतील असं तापलेलं. दवाखान्याच्या वाटेवर गेली. मला निरोप मिळाला तो तालुक्याहून, संध्याकाळी. मी पोचलो तेव्हा सरण विझलं होतं.”

“हो.”

“आठ ते साडेबारा मी काय करत होतो माहीत आहे? काही नाही. ऑफिसात बसलो होतो. मग जेवलो. फोन समोर टेबलावर होता.”

भंतेंचा हात थांबला.

“म्हणून विचारतो. मी मारलं का तिला? तुम्ही हो म्हणालात तर मी नोकरी सोडतो. उद्याच. वाटेल ते प्रायश्चित्त घेतो. इथं डोंगरावर तिच्या नावानं टॉवर उभा करतो.”

“तिच्या नावानं टॉवर?”

“हो.”

“तिले शिडी चढायची भीती वाटे,” भंते म्हणाले.

प्रणयनं मान खाली घातली.

भंतेंनी विचारलं, “त्या अहवालात तू आमच्या गावाबद्दल काय लिहिलं होतं?”

“गावाबद्दल नाही. गावं नसतात त्यात. विभाग असतात. शेवटी एक तक्ता असतो.”

“मग विभागाबद्दल.”

“एवढंच, की जुने फोन वापरणारे अडीच टक्के उरलेत. त्यांच्यासाठी वेगळा खर्च करायची गरज नाही.”

“काहून?”

“नैसर्गिक गळती होईल म्हणून.”

“म्हणजे?”

“म्हणजे... ते लोक आपोआप कमी होतील.”

“आपोआप कसे?”

प्रणयनं तोंड उघडलं. त्याच्याकडं याचं तयार उत्तर होतं. अनेक सभांमध्ये त्यानं ते दिलं होतं. काही जण नवा फोन घेतात, काही दुसऱ्या कंपनीत जातात, आणि उरलेले बहुतेक वयस्क असतात, त्यामुळे...

“म्हातारी माणसं असतात ती, भंतेजी,” तो म्हणाला.

आणि मग त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

खाली गावात कुणीतरी तेंदूच्या पुड्यांनी भरलेला ट्रॅक्टर चालू करत होतं. तो दोनदा बंद पडला, मग लागला.

“त्या अडीच टक्क्यांत तुझी माय हाय, हे तुले माहीत होतं?”

“मले माहीत होतं.”

चौदा वर्षांत तो गावाच्या बोलीत बोलला नव्हता. आता त्याचं त्यालाच कळलं नाही.

“मले माहीत होतं म्हणून तर नवा फोन पाठवला मी. महिनाभर आधी. कुरियरनं. चांगला, महागाचा. त्याच्यासोबत कागदावर लिहून धाडलं, पहिल्यांदा हे दाबायचं, मग हे. माय चौथीपर्यंत शिकली होती. वाचलं असतं तिनं. पण घरात तो फोन कुठंच नाही. कागद नाही, खोकं नाही. मी पेट्या उघडल्या, कणगीत हात घातला. कुणाला देऊन टाकला असेल तिनं. नाहीतर कुणीतरी चोरला. ज्यानं चोरला त्यानं...”

भंते उठले.

वय एकोणऐंशी, त्यामुळे उठायला वेळ लागला. आत गेले. पुस्तकांच्या फळीवर काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा त्यांच्या हातात एक पांढरं खोकं होतं. कुरियरची चिकटपट्टी कापलेली. त्यांनी ते प्रणयसमोर ठेवलं आणि पुन्हा आपल्या जागेवर बसले.

प्रणय खोक्याकडं पाहत राहिला.

“हे इथं...?”

“ती घेऊन आल्ती. चैत्रात. म्हणाली, भंतेजी, याले बटणं नाहीत. पोरानं धाडला, पन याले बटणंच नाहीत. तुमच्यापाशी असाच हाय, मले शिकवा.”

“मग?”

“नागपूरचे पाहुणे येणार होते. मी थकलो होतो. म्हटलं, बुद्धपौर्णिमा झाली की ये, निवांत शिकवतो.”

“मग?”

“घरी उंदीर हायेत म्हणाली. खोकं इथंच ठेवून गेली.”

“बुद्धपौर्णिमा...”

“चार दिवसांनी होती. ती गेली त्या दिवसापासून.”

प्रणय उभा राहिला.

“तुम्हाला येतो हा फोन?”

“लावता येते. उचलता येते. तिले तेवढंच पाहिजे होतं.”

“किती वेळ लागला असता? अर्धा तास? अर्धा तास लागला असता तुम्हाला!”

“वीस मिनिटं,” भंते म्हणाले.

मग प्रणय जे बोलला ते त्या ओसरीवर कुणी कधी बोललं नव्हतं. तो ओरडला. ढोंगी म्हणाला. म्हणाला, जगाला करुणा शिकवता आणि एका म्हातारीला फोन लावायला शिकवायला तुमच्याकडं वेळ नव्हता. म्हणाला, मी परदेशात होतो, तुम्ही तर इथंच होता. दर रविवारी ती तुमच्यासाठी भाकरी बांधून डोंगर चढायची. गुडघे दुखायचे तिचे, तरी चढायची. तिच्या मरणाला तुम्ही जबाबदार आहात. तुम्ही. त्यानं खोकं लाथेनं उडवलं. ते पायऱ्यांवरून गडगडत खाली पटांगणात जाऊन पडलं.

भंते खाली मान घालून ऐकत होते. सुई त्यांच्या बोटांत तशीच होती.

प्रणय धापा टाकत पायरीवर बसला.

...

हळूहळू त्याचा श्वास ठिकाणावर आला. त्यानं रुमालानं मान पुसली. वारा नव्हता, तरी त्याला गार वाटलं. तेरा दिवस छातीवर जे बसलं होतं ते उतरलं होतं. खांदे सैल झाले होते. त्याला भूकही लागली होती. तेरा दिवसांत पहिल्यांदा.

मग त्याला आपल्याला कशामुळं बरं वाटतंय ते कळलं, आणि तो घाबरला.

“भंतेजी.”

“बोल.”

“मला बरं वाटतंय.”

“हो. वाटते तसं.”

“तुम्ही मुद्दाम सांगितलंत? माझा राग निघावा म्हणून?”

“नाही. झालं ते सांगतलं.”

“मग काल का नाही सांगितलं? काल सगळ्यांसमोर तुम्ही त्रिशरण दिलंत. तिच्याबद्दल बोललात. पंधरा मिनिटं बोललात. पौर्णिमेबद्दल एक शब्द नाही.”

“धीर झाला नाही.”

प्रणयनं वर पाहिलं. लहानपणी याच ओसरीवर या माणसाच्या नजरेला नजर द्यायची त्याची छाती नव्हती. आता समोर एक म्हातारा बसला होता. कानांवर पांढरे केस, पायाच्या अंगठ्याला चीर पडलेली. डोळ्यांखाली काळं.

“झोप लागते तुम्हाला?”

“नाही.”

“ध्यानाला बसल्यावर?”

“ती येते. खोकं घेऊन.”

“काय म्हणते?”

“काही नाही. उभी राहते. मी पाहुण्यांसाठी चटया अंथरून राहिलो असतो.”

प्रणय खाली उतरला. पटांगणातलं खोकं त्यानं उचललं, धूळ झटकली. आत फोन तसाच होता, काचेवरचा पापुद्राही न काढलेला. त्याच्या खाली घडी घातलेला कागद. त्याचंच अक्षर. पहिल्यांदा हे दाबायचं, मग हे. कागदाच्या कडेला पेन्सिलनं कुणीतरी दोन, दोन, दोन असे आकडे गिरवले होते. शेवटचा अर्धवट होता.

तो उन्हात उभा राहून ते बघत राहिला. मग कागद खिशात न घालता त्यानं पुन्हा खोक्यात ठेवला आणि वर आला.

“मी विचारायला आलो होतो,” तो म्हणाला, “मला शिक्षा काय ते विचारायला. आता कुणाला विचारू?”

भंतेंनी सुई चीवरात खोचून बाजूला ठेवली. भिंतीला हात धरून उभे राहिले. अंगावरचं वस्त्र त्यांनी एका खांद्यावर नीट घेतलं, वंदनेच्या वेळी घेतात तसं. प्रणयला वाटलं, आता ते आत बुद्धमूर्तीपुढं जातील. तो वाटेतून बाजूला सरला.

पण मूर्ती भंतेंच्या पाठीमागं होती.

भंते गुडघे टेकून खाली बसले. तळहात जमिनीवर ठेवले. आणि कपाळ प्रणयच्या पायांसमोर फरशीला लावलं.

“मले क्षमा कर,” ते म्हणाले.

प्रणय दचकून मागं सरकला. भिक्खूनं गृहस्थापुढं वाकायचं नसतं, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. त्यानं पायवाटेकडं बघितलं. कुणी येत तर नाही ना.

“भंतेजी, हे काय करता? उठा.”

भंते हलले नाहीत.

“कुणी बघेल, भंतेजी. उठा ना. तुम्ही वाकायचं नसतं.”

फरशी तापलेली होती. भंतेंच्या पाठीचे मणके वस्त्रातून दिसत होते, श्वासाबरोबर वर-खाली होत होते. प्रणयनं वाकून त्यांचे खांदे धरले. ते इतके हलके होते की त्याला उचलायचा धीर होईना.

“उठा. केली क्षमा. ऐकलंत का? केली मी. खरंच केली. आता उठा, भंतेजी.”

भंतेंचं कपाळ फरशीवरच होतं.

“इतक्या लवकर?” ते म्हणाले.