थांब म्हणणारी मावशी

फार फार वर्षांपूर्वी, एका पिकून फुटलेल्या पेरूत चिलटाची एक अळी राहायची. तिला पंखांची भारी घाई. पण तिच्या अंगातला एक रस, त्याला ती मावशी म्हणे, रोज दटावायचा, “थांब गं, आधी पोटभर खा.”

“वैरीण आहेस माझी!” अळी फणफणायची.

अळी चांगली गुबगुबीत झाली, तशी मावशी गप्प बसली. मग अळीचा कोष झाला आणि कोषातून ती पंख घेऊनच बाहेर पडली. “सुटले बाई!” म्हणाली.

पुढे जोडीदार मिळाला, पण पोटातली अंडी काही भरेनात. ती रडकुंडीला आली. तेवढ्यात आतून ओळखीचा आवाज आला, “बाळंतपणाला मावशी नको का गं?”

अंडी टपोरी भरली. पेरूच्या गरात अंडी घालताना ती म्हणाली, “मावशी, माझ्या लेकरांच्याही अंगात राहा. तुला कितीही वैरीण म्हणोत, त्यांना थांबव.”