पाणी देण्यात येईल

एकदा एका विद्यापीठातल्या इतिहास विभागावर धोरण लिहिण्याची पाळी आली. विषय होता माहिती-तंत्रज्ञान. विभागाने संगणक कशासाठी वापरायचे, जुनी कागदपत्रे कशी जतन करायची, पुढे काय काय लागेल, हे सारे नीट मांडून विद्यापीठाच्या समितीपुढे ठेवायचे होते. अशी कामे विभागातल्या सर्वांत तरुण अध्यापकाच्या गळ्यात पडतात. हे काम कल्याणी ढवळे हिच्या गळ्यात पडले.

मला या कल्याणीचे फार कौतुक आहे, हे आधीच सांगून टाकतो. ती कुरकुरली नाही. तिच्या डोळ्यांसमोर एक विद्यार्थिनी होती. यास्मिन मुलाणी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिला दिसत नव्हते. संगणक मजकूर वाचून दाखवी आणि ती ऐकून अभ्यास करी. अडचण अशी, की अध्यापकांची सारी टिपणे जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेली होती. पाहणाऱ्याला ती स्वच्छ मराठी दिसत. संगणकाचा आवाज मात्र त्यांतून इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची नुसती खिचडी ऐकवी. ती टिपणे युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाला वाचता येईल अशा मराठीत, आणायला हवी होती. यास्मिन पहिल्या वर्षापासून ते मागत होती. पहिले वर्ष तिने मैत्रिणींकडून वाचून घेऊन काढले, पण मैत्रिणींनाही त्यांच्या परीक्षा होत्या. या खेपेला टिपणे मिळाली नाहीत, तर ती परीक्षा न देता गावी जाणार होती. तसे तिने कल्याणीला सांगितले होते, आणि तेही तक्रारीच्या सुरात नव्हे.

कल्याणीने जीव ओतून धोरण लिहिले. ते चांगले जाडजूड झाले. समितीकडे देण्याआधी एकदा आपल्या गुरूंच्या नजरेखालून घालावे, म्हणून एका उन्हाळी दुपारी ती स्कूटरवरून त्यांच्या घरी गेली. ते याच विभागातून निवृत्त झालेले वृद्ध अध्यापक. पत्नी लेकीकडे गेल्यामुळे घरी एकटेच होते.

"ये, बस," सर म्हणाले. "उन्हातून आलीस. पाणी देण्यात येईल. चहाही करण्यात येईल."

एवढे बोलून त्यांनी चष्मा लावला आणि धोरण वाचायला घेतले. सरांची थट्टा म्हणून कल्याणी हसली. सर वाचत होते. मधूनच "वा", मधूनच "हे छान सुचलं तुला" असे म्हणत होते. पाणी काही आले नाही. तिने एकदा स्वयंपाकघराकडे पाहिले. आत कुणाची चाहूल नव्हती. घसा कोरडा पडला तेव्हा संकोच बाजूला ठेवून ती म्हणाली, "सर, थोडं पाणी मिळेल का?"

"देण्यात येईल म्हटलं ना मघाशी," सर म्हणाले आणि त्यांनी पान उलटले.

कल्याणीला वाईट वाटले. विद्यार्थी दारात दिसला की स्वतः उठून त्याला खुर्ची ओढून देणारा हा माणूस. वयामुळे असे होत असेल का, असेही तिच्या मनात येऊन गेले. आणखी थोडा वेळ तिने कळ काढली. शेवटी तिला राहवले नाही.

"पण सर, घरात तर दुसरं कुणीच नाही. पाणी देणार कोण?"

सरांनी कागद खाली ठेवले. त्यांचा चेहरा असा उजळला, की वर्गात नेमका प्रश्न विचारल्यावर तो कसा उजळत असे ते तिला आठवले. "तहान लागली म्हणून हा प्रश्न तुला सुचला," ते म्हणाले. "लिहिताना सुचला नाही." मग ते उठले, आतून तांब्या-भांडे घेऊन आले आणि तिचे पाणी पिऊन होईपर्यंत थांबले.

"कल्याणी, तुझं धोरण उत्तम आहे," ते म्हणाले. "उगाच घातलेलं असं त्यात काही नाही. पण त्यात माणूसही नाही. टिपणे रूपांतरित करण्यात येतील. प्रती जतन करण्यात येतील. प्रशिक्षण देण्यात येईल. ही आपली कचेरीतली मराठी. तिच्यात काम असतं, काळ असतो, कर्ता तेवढा गायब. ऐकणाऱ्याला वाटतं, झालंच आता. लिहिणाऱ्याला वाटतं, आपण केलंच. तू मला सांगितलंस त्या यास्मिनला आजवर हेच वाक्य मिळत आलंय, आणि ते देणारं कुणी खोटारडं नव्हतं. यंत्रं कुठली घ्यायची हे कुणीही सांगेल. कुठलं काम कुणाचं, हे ठरवणं म्हणजे धोरण. जा, प्रत्येक वाक्याचा कर्ता शोध. ज्याला मिळणार नाही ते वाक्य सोडून दे. जिवावर येईल, तरी सोड."

दुसरी कुणी असती तर रुसली असती. कल्याणी घरी जाऊन पुन्हा लिहायला बसली.

विभागाच्या बैठकीत ती एकेक वाक्य वाचू लागली आणि कर्त्याच्या जागी थांबू लागली. पहिल्या दोन-तीन थांब्यांना सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिले. मग मोडी कागदपत्रे शिकवणाऱ्या गोडबोलेबाई म्हणाल्या, "जुन्या कागदांच्या फोटोंच्या प्रती मी ठेवीन. दर शनिवारी." कल्याणीने त्यांचे नाव लिहिले. विभागाच्या मोबाइल ॲपला कर्ता मिळाला नाही. ती कल्पना तिची सर्वांत लाडकी होती. तिने त्यावर रेघ मारली. मोठ्या पडद्याच्या फळ्यांवरही मारली. धोरण भराभर बारीक होत चालले.

मग टिपणांचे वाक्य आले. विभागप्रमुखांनी घसा साफ केला. "असं करू, हे काम संगणक केंद्राकडून करवून घेण्यात ये..." म्हणता म्हणता तेच मध्ये अडखळले आणि कसनुसे हसले.

सर्वांत जास्त टिपणे होती इनामदार सरांची. दोन वर्षांत निवृत्त होणारा माणूस, एका बोटाने टंकन करणारा.

"माझी टिपणं माझी मीच करीन," ते म्हणाले. "मला येत नाही ते. शिकेन. पण शिकवणार कोण?"

"मी," कल्याणी म्हणाली.

त्यानंतर बाकीच्यांनाही आपापली टिपणे स्वतःकडे घ्यावी लागली. ती काही सगळ्यांनी आनंदाने घेतली असे नाही, पण घेतली. समितीपुढे धोरण गेले तेव्हा एका सदस्याने ते हातात तोलून "एवढंच?" असे विचारले. कल्याणी म्हणाली, "हो, एवढंच होणार आहे." समितीने ते मान्य केले.

परीक्षेला थोडे आठवडे उरले असताना यास्मिन भिंतीच्या आधाराने इनामदार सरांच्या खोलीशी आली. कल्याणी तेव्हा आतच होती, सरांना कळफलकावरची कुठली तरी कळ दाखवत.

"सर, महसूलपद्धतीच्या टिपणात एक ओळ सुटलीय," यास्मिन म्हणाली. "वाक्य मध्येच तुटतं."

"माझीच चूक. बस जरा, आत्ता घालतो," इनामदार सर म्हणाले आणि एका बोटाने ती ओळ शोधू लागले.

यास्मिन खुर्चीवर बसली. "राग नका मानू, सर," ती म्हणाली. "आजवर चूक कुणाला सांगायची हेच मला कळत नव्हतं."

इनामदार सरांचे बोट क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू लागले. कल्याणी सरांच्या खुर्चीमागे उभी राहून हे ऐकत होती. आपल्या गुरूंनी त्या दुपारी तिला किती मोठी गोष्ट दिली होती, ते तिला तेव्हा पुरते उमगले. यास्मिनने परीक्षा दिली.

आपणही आपल्या संस्थेचे एखादे धोरण काढावे आणि त्यातल्या प्रत्येक वाक्याच्या कर्त्याला मोठ्याने हाक मारून पाहावी. ओ कोण देते, ते ऐकावे.