शेवटच्या शेताची पाळी

एकदा एका गावात पाटाच्या पाण्यावरून भांडण पेटले. पाट खणला होता पल्याडच्या वस्तीतल्या लोकांच्या आजा-पणजांनी. पण ते रंगाने काळे, जन्माने हलके, असे गावानेच ठरवून टाकलेले. म्हणून त्यांना जमीन मिळाली ती पाटाच्या पार टोकाला. वरची शेते आधी भिजत, आणि खाली पाणी पोहोचेपर्यंत नदीच आटे. यंदाही वस्तीची ज्वारी माना टाकू लागली होती.

निवाड्यासाठी आचार्य आले. त्यांचा शिष्य नेमका वरच्या बागाईतदाराचा मुलगा. सर्वांना समसमान पाणी, हा न्याय त्याने मनाशी केव्हाच करून ठेवला होता. आचार्य मात्र म्हणाले, "यापुढे पहिली पाळी शेवटच्या शेताची. ते भिजले, की त्याच्या वरच्या शेताकडचे पाटाचे दार उघडायचे."

"म्हणजे पाणी आमच्या बांधावरून जाणार, आणि आम्ही ऊस वाळताना बघत बसायचं?" शिष्याचा बाप कडाडला. पण आचार्यांचा शब्द मोडायची कोणाची छाती होती!

शिष्य खट्टू झाला. होणार नाही तर काय? ऊस त्याच्या घरचा होता.

सकाळी पाणी सोडले, ते अर्ध्या वाटेवरच अडले. पुढचा पाट गाळाने आणि बाभळीच्या मुळांनी बुजलेला. वस्तीच्या हातांनी किती उपसावा? आणि मग शिष्याने जे पाहिले, ते त्याला खरेच वाटेना. त्याचा बाप धोतर खोचून, फावडे घेऊन पाटात उतरला होता! मागोमाग सारे बागाईतदार. "जोर लावा रे," बाप वस्तीतल्या पोरांना ओरडत होता, "तुमचं भिजल्याशिवाय आमचं दार उघडत नाही!"

दिवस मावळताना पाणी शेवटच्या शेतात शिरले. बांधावर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या ठकूबाईने ओंजळ भरून डोळ्यांना लावली. "माझ्या आज्यानं खणलेला पाट," ती म्हणाली, "आज घरी आला गं बाई!"

आचार्य हलकेच म्हणाले, "समान वाटे केले असते, तर जो तो आपले शेत भिजवून घरी गेला असता. खालच्या गाळाशी त्याला काय कर्तव्य? पिढ्यानपिढ्या तुंबलेली पाळी आधी दिली, म्हणून आज पाट साऱ्यांचा झाला."

"आणि आमचा ऊस, गुरुदेव?"

"त्यालाही मिळेल, बाळा. थोडे थांबणे म्हणजे काय, ते त्यालाही कळू दे."

बाप अजून उरलेला गाळ उपसत होता. शिष्याने धोतर खोचले आणि तो त्याच्याशेजारी पाटात उतरला.