अकरा लाखांची पेटी

नाशिकच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये जमलेल्या लोकांपुढे भडकमकर नावाचे रुबाबदार गृहस्थ जुन्या परदेशी वाइनची पेटी अकरा लाखांना, दहा वर्षांत दुप्पट होणारी गुंतवणूक म्हणून विकत होते. निवृत्त पोस्टमास्तर दिनानाथ कुवर आयुष्यभराची पुंजी त्यात घालायला निघाले होते. तेवढ्यात त्यांची बहीण वत्सला म्हणाली, “एक बाटली उघडून दाखवा की!”

“ताई, उघडली की किंमत गेली!” भडकमकर हसले. “वाइनमधलं तुम्हाला काय कळणार? लेबलवर विश्वास ठेवायचा.”

“बरं.” वत्सलाताईंनी पर्समधून एक पाकीट काढून चिकटवलं, वर ‘अकरा लाख रुपये’ लिहिलं आणि त्यांच्या हाती दिलं. भडकमकर घाईघाईने ते फाडू लागले.

“अहो, फाडताय काय?” ताई म्हणाल्या. “दहा वर्षं थंड जागी ठेवा, दुप्पट होतील!”

हॉल हशाने दणाणला. दिनानाथांनी चेकबुक खिशात घातलं.